तातडीने मदत: मुंबई ते नेवार्क नक्की किती तास?

घाईतली_घारी: कृपया लवकर सांगा. अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतंय, ताशी 900 धरले तर 14 तास. तिकिटावर 1:30 ला सुटून 7:30 ला पोचतं, म्हणजे 6 तास?? आई एकटीच जातेय, आज रात्रीच तिला कळवायचंय.

पारावरचे_नाना: 6 तासांत अमेरिका! आम्ही कात्रजहून हिंजवडीला दोन तासांत पोचलो तरी पेढे वाटतो.

जर्सीकर: दोन्ही वेळा स्थानिक असतात हो. तारीख कुठली? थेट आहे की मधे थांबा?

भटकभवानी: थेट मुळीच नेऊ नका. मी दरवेळी दुबईवरून जाते, पाय मोकळे होतात.

जर्सीकर: वयस्कर एकट्या बाईला दुबईत गेट शोधायला लावणार? थेटच बरं. व्हीलचेअर सांगून ठेवा, इमिग्रेशनची रांगही सुसह्य होते.

भटकभवानी: माझ्या सासूबाई 74 व्या वर्षी गेल्या. एकट्या.

घाईतली_घारी: थेटच आहे, तिकीट झालंय. 5 नोव्हेंबर. तासांचं सांगा ना कोणीतरी!

नकाशेवेडा: नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेनऊचा साडेदहा होतो. तुमचे 6 अधिक साडेदहा, साडेसोळा तास. 14 चं गणित चुकतं कारण जाताना समोरून वारा असतो, जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. येताना तोच ढकलतो, दीड-दोन तास वाचतात. शिवाय साडेबारा हजार हे सरळ अंतर. ती रेषा पाकिस्तानवरून रशिया, आइसलंडच्या बाजूने 65 अक्षांशापर्यंत चढते. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या विमानांना वळसा. आणि तिकिटातले तास गेट ते गेट असतात, धावपट्टीसमोरची रांगही त्यातच.

पोटभर: लोणचं चालतं, बरणी सीलबंद हवी आणि चेक-इन बॅगेत. ताजी फळं नेऊ नका.

पारावरचे_नाना: लोणच्याचं कोणी विचारलं?

घाईतली_घारी: धन्यवाद नकाशेवेडा! आई सकाळी 8 आणि रात्री 8 ला इन्सुलिन घेते, म्हणून विचारत होते.

जर्सीकर: अहो, हे आधी सांगायचं ना! डोस इथे कोणी ठरवू नका. डॉक्टरांना हे दोनच आकडे द्या: प्रवास साडेसोळा तास, आणि उतरेल तेव्हा तिथे सकाळचे 7:30 पण आपल्याकडे संध्याकाळचे 6. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, बदल ते सांगतील. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. सामानात टाकलंत तर खाली गोठू शकतं.

भटकभवानी: दुबईला उतरली असती तर शांतपणे बसून घेता आलं असतं.

नकाशेवेडा: घारी, एक राहिलं. सुटायची वेळ रात्री 1:30 ना? म्हणजे 4 तारखेला रात्रीचं जेवण झालं की विमानतळावर. आई मुंबईतच आहे ना?

घाईतली_घारी: सांगलीत. बाबांना आत्ता फोन केला, त्यांनी गाडी 5 ला दुपारची ठरवली होती.