सेन्सेशन, परसेप्शन आणि 'संवेदन'चा घोळ

अवग्रह : पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ज्ञानेंद्रियांवरचे फलक मराठीत करायचे आहेत. वाचणारी मुलं आठवी-नववीची. घोडं दोन शब्दांवर अडलंय. डोळ्यात प्रकाश शिरला आणि मज्जातंतूतून संदेश निघाला, ही पहिली पायरी (सेन्सेशन). त्यावरून मेंदूने 'हा काळा ठिपका' असं ठरवलं, ही दुसरी (परसेप्शन). मी अनुक्रमे संवेदन आणि आकलन लिहिलं. तपासणाऱ्या बाईंच्या मते संवेदन ही दुसरी पायरी, पहिली ती वेदन. काय ठेवावं?

पर्वतीपायथा : बाईंचं बरोबर आहे. मराठी मानसशास्त्रात वेदन-संवेदन ही जोडी वापरात आहे. हिंदीत मात्र संवेदन पहिल्या पायरीला म्हणतात आणि दुसरीला प्रत्यक्षण. हिंदीवरून उचललेल्या मजकुरात म्हणूनच सगळी उलटापालट दिसते.

साधीमराठी : वेदन लिहिलंत की मुलं वेदना वाचणार. धातू विद्, म्हणजे जाणणे, हे मान्य. पाली भाषेतल्या वेदनेत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही येतात, तेही मान्य. पण आजच्या मराठीत वेदना म्हणजे दुखणं, आणि फलक आजच्या मुलांसाठी आहे.

नैयायिक : न्यायदर्शनाची दोन हजार वर्षांची परिभाषा हाताशी असताना नवे शब्द कशाला पाडायचे? इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून, म्हणजे संपर्कातून, होणारं ज्ञान ते प्रत्यक्ष. 'काहीतरी आहे' एवढंच कळणं निर्विकल्पक, 'हा घट आहे' असं नावानिशी कळणं सविकल्पक. तुमच्या दोन पायऱ्या याच.

दृष्टिपटल : याच नाहीत. निर्विकल्पक झालं तरी ते ज्ञानच. दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, पेशीत होणारा विद्युत बदल हे ज्ञान नव्हे, तिथे जाणणारा कोणी नसतो. शब्द कोणताही घ्या, पण हा फरक फलकावर दिसलाच पाहिजे, आणि त्याला अंधबिंदूचं कार्ड सर्वांत चांगलं. पांढऱ्या कार्डावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंमीवर काळा ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फक्त फुलीकडे बघायचं आणि हातभर लांब धरलेलं कार्ड सावकाश जवळ आणायचं. साधारण ३० सेंमीवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृक्‌तंतू डोळ्याबाहेर पडतो नेमकी त्या जागी पडते आणि तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. मुलांचं चुकतं ते दोन ठिकाणी. नजर नकळत ठिपक्याकडे सरकते, नाहीतर ठिपकाच मोठा काढलेला असतो. ३० सेंमीवर अंधबिंदूचा पट्टा जेमतेम अडीच-तीन सेंमी रुंद, म्हणून ठिपका १ सेंमीच्या आतच हवा. मग त्याच ठिपक्यातून आडवी रेघ आरपार ओढा. आता ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते. त्या जागेवरून काहीही संदेश निघालेला नसताना रेघ दिसली! ती दुसऱ्या पायरीवर तयार झाली. ही गोष्ट मुलांच्या हातात ठेवा, मग वेदन म्हणा की आणखी काही.

साधीमराठी : तुम्हीच आत्ता 'बघायचं' आणि 'दिसते' असे दोन शब्द लिहिलेत. मी बघतो, पण मला दिसतं. मी ऐकतो, पण मला ऐकू येतं. घरात बोलली जाणारी ही जोडी सोडून संस्कृतकडे का धावायचं?

दृष्टिपटल : बघणं-दिसणं हा भेद अवधानाचा, म्हणजे लक्ष देण्याचा, आहे. अंधबिंदूवरची रेघ 'दिसते', म्हणजे दिसणंसुद्धा दुसऱ्याच पायरीवर. पहिल्या पायरीला बोलीत शब्दच नाही, कारण ती कोणाच्या अनुभवाला येत नाही.

पर्वतीपायथा : क्रियापदांकडे मात्र जरूर बघा. वास येतो, आवाज येतो : उगम लांब असू शकतो. चव लागते, पाणी गार लागतं : वस्तू अंगाला भिडलेली असते. एक हात १५ अंशांच्या आणि दुसरा ४० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही एकदम ३० अंशांच्या पाण्यात घातले, तर तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागतं. 'पाणी गार आहे' आणि 'पाणी गार लागतं' यांत मराठीने केलेला फरक इथे तंतोतंत जुळतो.

नैयायिक : आणि थंडी 'वाजते', त्याचं काय? क्रियापदांवर सिद्धांत उभारू नका.

रसशाळा : 'लागतं' निघालंच आहे तर फलकावर तिखट चवीत धरलंय का, ते सांगा. धरलं असेल तर काढा. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं तो मुळात सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला, २०२१ चं नोबेल त्यातूनच आलं. मिरची खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखं वाटतं ते यामुळेच. पुदिन्यातल्या मेन्थॉलचं तसंच, फक्त ग्राही गारव्याचा. जिभेचं तापमान दोन्हीकडे बदललेलं नसतं.

नैयायिक : षड्रसांत कटु आहे आणि कटु म्हणजे तिखटच. तिखट रस नाही म्हणायला आधार काय?

रसशाळा : आधार ग्राहीचा. त्वचेवर, डोळ्यातही मिरची झोंबते, साखर झोंबत नाही.

साधीमराठी : पण संस्कृत कटु मराठीत येताना कडू झाला आणि तिखटाच्या जागी कडवटपणा दाखवू लागला. संस्कृतात कडू म्हणजे तिक्त. मग तिखट तिक्तावरून आला का?

पर्वतीपायथा : नाही. तिक्ताचं प्राकृतात तित्त होतं, त्यात ख येत नाही. तीक्ष्णाचं तिक्ख, त्यापुढे तिखट. म्हणजे तो मुळात धारेचा शब्द, चवीचा नव्हेच.

नैयायिक : धारेचा असला म्हणून रसाचा होऊ शकत नाही? अर्थ वापराने ठरतो, असं तुम्हीच मंडळी वर सांगत होतात.

अवग्रह : तिखट काढलं तर तुरटही काढावं लागेल का? फलकावर कषाय म्हणून आवळा आहे.

रसशाळा : तुरट तर बहुतांशी स्पर्शच. टॅनिन हे तुरट पदार्थांतलं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना बांधतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत घासते. करून दाखवायचं असेल तर आवळा नको, त्यात आंबट मिसळलेलं असतं. चहाची पावडर दहा मिनिटं उकळून गाळा, साखर घालू नका. अर्ध्या भागात दूध घाला. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला आधीच धरून ठेवतं, म्हणून त्या अर्ध्याचा तुरटपणा लगेच कमी होतो.

नैयायिक : आवळा काढू नका. सहातले दोन रस एका प्रदर्शनात खोडायचे?