मदत हवी आहे: रोजच्या तापमानातली 'आठवण' खरी, की तापमानवाढीचा भास?

नमस्कार मंडळी,

आकडेमोडीचा छंद आहे, हवामानशास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा सांभाळून घ्या. 'आठवण' म्हणजे आजच्या उष्ण-थंडपणाचा परिणाम पुढच्या दिवसांवर, अगदी वर्षांवरही, रेंगाळणं. मध्य इंग्लंडच्या रोजच्या तापमानाची १७७२ पासूनची नोंद फुकट मिळते, ती घेऊन बसलोय. प्रत्येक तारखेची सरासरी वजा केली, म्हणजे उन्हाळा-हिवाळा गेला. उरलेल्या चढउतारांची चालती बेरीज केली, तिचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यातून सरळ रेष काढून टाकली (या पद्धतीला डीएफए-१ म्हणतात) आणि उरलेले हेलकावे तुकड्याच्या लांबीपुढे लॉग-लॉग कागदावर मांडले.

पहिल्यांदा उत्तर भलतंच आलं. फायलीत प्रत्येक महिन्याला ३१ ओळी, नसलेल्या तारखेला -९९९. आकडे अंशाच्या दहाव्या भागात, म्हणजे उणे ९९.९! गंमत म्हणजे ३० फेब्रुवारीने काही बिघडवलं नाही; तिची सरासरीच उणे ९९.९, वजाबाकी शून्य. घोळ घातला २९ फेब्रुवारीने; तिच्या सरासरीत खरे आकडे आणि उणे ९९.९ मिसळलेले. दर लीप वर्षी ऐंशीएक अंशांची उसळी! दोन रविवार त्यात गेले.

आता खरी अडचण. दहाएक दिवसांच्या तुकड्यांपर्यंत रेषेचा उतार जास्त, ते कळतं. पुढे ०.६५ च्या आसपास उताराची सरळ रेष. बुंडे, हॅवलिन वगैरे संशोधकांनी १९९८ साली अनेक केंद्रांसाठी साधारण हाच आकडा दिला होता. दिवस पत्त्यांसारखे पिसले की ०.५ येतो, म्हणजे आठवण शून्य; तेव्हा कोड बरोबर असावा. पण दहा वर्षांपलीकडे रेष वर वाकते. ही आठवण, की तापमानवाढ?

प्रतिसाद १: डीएफए-१ मूळ मालिकेतली फक्त सरासरी काढतं, कल (हळूहळू होणारी वाढ) तसाच राहतो. तुकड्यात रेषेऐवजी द्विघाती वक्र बसवा (डीएफए-२). वाक गेला तर तो कलाचा प्रताप. आणि एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊच नका, तिथे तुकडे उरतातच किती?

धागाकर्ता: केलं. वाक बराचसा निवळला, आभार! मग कलाच्या अंदाजातली त्रुटी काढताना प्रत्येक दिवस सुटा, म्हणजे इतर दिवसांपासून स्वतंत्र, धरला तर चालेल ना?

प्रतिसाद २: अजिबात नाही. ०.६५ धरलं, तर सरासरीच्या हिशेबात शंभर वर्षांचे ३६,५०० दिवस ढोबळमानाने दीड हजार सुट्या दिवसांइतकेच भरतात. कलाची त्रुटीही तशीच फुगते. पुढे मुंबईवर करणार असाल, तर जानेवारीत पारा हलतो तसा ऑगस्टमध्ये हलत नाही; तारखेच्या प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्या मापाने) भागूनही घ्या.

धागाकर्ता: मुंबईच डोक्यात होती. २९ फेब्रुवारीला प्रमाण विचलन काढायला पुरेशी वर्षंच नाहीत, तिला २८ ची जोडीदार करू का?