मदत हवी आहे: ओपन वॉटरनंतर अ‍ॅडव्हान्स्ड स्कूबा कोर्स करावा का?

नमस्कार मंडळी,

मी लातूरचा. मी आणि माझ्या लेकीनं (ती आता कॉलेजात आहे) तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला. हिवाळ्यात अंदमानला जायचं ठरवायलोय. तिथल्या डाइव्ह शाळेचं म्हणणं, आलाच आहात तर अ‍ॅडव्हान्स्डही करून घ्या. धाकटा भाऊ म्हणतो, कोर्स म्हणजे आणखी एक कार्ड, तेवढ्या पैशात जास्तीच्या डाइव्ह कर. दोघांचंही पटतं, म्हणून इथं विचारतोय.

आपल्याला समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. पाण्यात उतरणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या काळात शिकलेलं विसरायला होतं. आम्ही दोघंही गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळं पाण्याची भीती नाही. पण खाली एका जागी स्थिर राहणं अजून जमत नाही, सारखं वर-खाली होतं आणि सोबतच्यांच्या आधी माझी हवा संपत येते.

खरी काळजी वेगळीच आहे. खाली लेकीचा मास्क निघाला, ती घाबरली, तर मला काय करता येईल? एकमेकांना हवा देणं शिकवलं होतं, पण ते शांत पाण्यात, शिक्षक समोर असताना. ही तयारी कोर्सनं होते की नुसत्या डाइव्ह करत राहून? खर्चाची तयारी आहे, तो कशावर करावा एवढंच कळेना. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

प्रतिसाद १

दादा, मी संभाजीनगरची, रेस्क्यू डायव्हरपर्यंत (दुसऱ्याला वाचवायला शिकवणारा पुढचा कोर्स) शिकलेय. तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. पाडी ही असे कोर्स आणि कार्डं देणारी संस्था, तिच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पाच डाइव्ह असतात. खोल पाण्यातली एक आणि होकायंत्रावर दिशा शोधण्याची एक, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आपण निवडायच्या. शेवटी लेखी परीक्षा नसते. पाच डाइव्हमध्ये कुणी तरबेज होत नाही हे खरंच.

पण भाऊ म्हणतो त्या जास्तीच्या डाइव्ह तुम्ही गाइडच्या मागं मागं कराल. त्याचं लक्ष सगळ्या गटावर असतं. तुमचे पाय खाली लोंबतायत, कमरेला वजन जास्त आहे, जॅकेटात सारखी हवा भरणं-सोडणं चाललंय, हे बघून तो थांबवणार नाही. कोर्समध्ये शिक्षक नेमकं तेच बघायला असतो. म्हणून निवडीच्या तीनमध्ये बॉयन्सीची, म्हणजे पाण्यात स्थिर तरंगण्याची, डाइव्ह घ्याच, आणि ती पहिल्याच दिवशी मागा. तुमची हवा लवकर संपण्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे. वजन जास्त असलं की तरंगत राहायला पाय मारावे लागतात, आणि पाय मारले की श्वास वाढतो.

खोलीचं म्हणाल तर ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची ३०. तिथं दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून टाकीतली हवाही चौपट वेगानं जाते. पाडीच्या तक्त्यात डीकॉम्प्रेशनचे थांबे (अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना थांबणं) न घेता १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. त्यात नायट्रोजनमुळं गुंगी येते, साधा हिशेब चुकू शकतो. आधी श्वास आणि तरंगणं बसवा, मग खोल जा.

विहिरीत शिकलेल्यांसाठी एक खास गोष्ट. दम धरून बुडी मारायची आणि तळाची माती आणून दाखवायची, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. घाबरलो की नकळत दम धरला जातो. स्कूबात हेच जिवावर बेतू शकतं. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, फुप्फुस फाटू शकतं. लेकीलाही हे पुन्हा पुन्हा सांगा.

तुमची काळजी मात्र रेस्क्यू कोर्सनंच मिटेल. दमलेल्याला ओढत आणणं, घाबरलेल्याच्या मिठीत न सापडता त्याला सावरणं, हरवलेल्याला शोधणं, बेशुद्ध माणसाला वर आणणं, हे सगळं तिथं हातून करून घेतात. त्यासाठी मागच्या २४ महिन्यांत घेतलेलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण लागतं.

प्रतिसाद २

वरच्या ताईंशी सहमत. शाळा एसएसआयची (पाडीसारखीच दुसरी संस्था) असेल तर कोर्सचं नाव नीट विचारा. त्यांच्याकडं पाच डाइव्हच्या कोर्सला अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर म्हणतात. अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हे चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे कोर्स) आणि २४ डाइव्ह झाल्यावर मिळतं.

परतीचंही सांगतो. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तारकर्लीला दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढणारे आपले लोक घाटाचा विचारच करत नाहीत. डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वरची जागा उंचीवरची धरतात. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, आणि आपलं लातूरही पाचशेच्या वरच. तेव्हा ती रात्र मालवणातच मुक्काम करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भावालाही वाचायला दिलं. एक शंका उरली. लेकीला खोल डाइव्हची फार ओढ आहे, माझी अजून तयारी नाही. मग कोर्स एकत्र करावा की वेगळा?

प्रतिसाद १

एकत्रच करा, पण काही सरावात जोड्या बदलून मागा. सगळा वेळ लेकीवर नजर ठेवलीत तर स्वतःचा हवेचा गेज बघायचं राहून जाईल.

खोल डाइव्ह सगळ्यात शेवटी ठेवायला सांगा. त्या दिवशी तुम्हाला नको वाटलं तर ती शिक्षकासोबत जाईल, तुम्ही बोटीवर थांबा. तुमचं काही वाया जात नाही. कोणत्याही तीन डाइव्ह झाल्या की अ‍ॅडव्हेंचर डायव्हरचं कार्ड मिळतं, उरलेल्या पुढच्या खेपेला करता येतात. आणि त्या तीनमध्ये होकायंत्राची डाइव्ह असेल, तर पाडी तेवढ्यावरही रेस्क्यूला प्रवेश देते. प्रथमोपचाराचं तेवढं निघायच्या आधी उरकून घ्या.