मदत हवी आहे : अँटीबॉडीचा आकडा मोठा आला म्हणून वडिलांना वारीच्या गर्दीत जाऊ द्यावे का?

नमस्कार,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वडील 67 वर्षांचे आहेत. मिरजेला चार वर्षे डायलिसिस झाल्यावर आईने दिलेली किडनी त्यांना बसवली आणि तेव्हापासून टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट या गोळ्या (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) रोज चालू आहेत. यंदा आषाढीला पंढरपूरला जायचेच, असे त्यांनी ठरवले आहे.

गेल्या महिन्यात त्यांनी कोणाला न सांगता कोविडची स्पाइक अँटीबॉडी (विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या 'स्पाइक' प्रथिनाविरुद्धची) तपासून घेतली. आकडा आला 1,840, आणि शेजारी छापले आहे की 0.8 च्या वर 'पॉझिटिव्ह'. "दोन हजार पटींनी जास्त आहे, आता कशाला अडवतोस?" असे ते विचारतात. त्यांचा हा विश्वास उगाच आलेला नाही. डायलिसिसच्या काळात हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी दर वर्षी तपासल्या जात. आकडा 10 च्या खाली गेला की पुन्हा डोस, वर असला की काळजी नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे.

मी जे वाचले आणि डॉक्टरांकडून ऐकले, त्यावरून मला हे दोन आकडे एका जातीचे वाटत नाहीत. हिपॅटायटिस बीचा 10 हा संरक्षणाचा मान्य उंबरठा आहे, कारण लस ज्या प्रथिनावर बेतलेली आहे ते प्रथिन फारसे बदलत नाही. कोविडच्या अहवालातील 0.8 एवढेच सांगतो की अँटीबॉडी सापडल्या. शिवाय या तपासण्या बहुधा सुरुवातीच्या विषाणूच्या स्पाइकवर आधारलेल्या असतात, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा त्याच स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल झालेले होते; त्यामुळे रक्तातील अँटीबॉडी जुन्या स्पाइकला चिकटल्या तरी आजच्या विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवतीलच असे नाही. फ्लूमध्ये अँटीबॉडीच्या 1:40 या पातळीला (रक्तातील द्रव 40 पट पातळ केल्यावरही त्या काम करतात) संसर्गाचा धोका साधारण निम्मा होतो असे मानतात, पण तीही विषाणूच्या त्या त्या उपप्रकाराविरुद्ध (स्ट्रेन) मोजावी लागते.

मला खरी भीती वेगळीच आहे. आईचा आकडा जेमतेम 200 आला म्हणून ती धास्तावली आहे, पण तिच्या टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या) आणि स्मृती बी-पेशी (गरज पडताच पुन्हा अँटीबॉडी बनवणाऱ्या) शाबूत असणार. टी-पेशी स्पाइकचे अनेक तुकडे ओळखतात, त्यांतले बरेचसे नव्या प्रकारांतही तसेच राहतात, आणि गंभीर आजारापासून वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. वडिलांच्या गोळ्या नेमक्या याच पेशींना दाबून ठेवण्यासाठी दिलेल्या आहेत, आणि अँटीबॉडीच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही. म्हणजे 200 वाली आई 1,840 वाल्या वडिलांपेक्षा सुरक्षित असू शकते. हे मी बरोबर समजलो आहे का?

आजच्या प्रकाराविरुद्धची न्यूट्रलायझेशन तपासणी (अँटीबॉडी विषाणूला प्रत्यक्ष अडवतात का ते पाहणारी) पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी संशोधनासाठी होते हे मला माहीत आहे. प्रत्यारोपण झालेल्या कोणा रुग्णाला ती उपचारासाठी सुचवली गेली आहे का? फ्लूची लस लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात, पण या गोळ्या चालू असताना तुमच्या घरी ती वारीच्या किती आधी दिली? आणि ज्यांनी अशा रुग्णाला आषाढीऐवजी गर्दी नसलेल्या दिवशी दर्शनाला नेले असेल, त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत कशी काढली तेही कृपया लिहावे. पुढच्या आठवड्यात किडनीच्या डॉक्टरांची भेट आहे. त्याआधी उत्तरे मिळाली तर नेमके प्रश्न घेऊन जाता येईल.