नायट्रोजन भरूनही अक्रोड खवट होतायत, काय चुकतंय?

भट्टीवरून:
आमचं छोटं युनिट आहे. भाजून मीठ लावलेले बदाम आणि अक्रोड २०० ग्रॅमच्या पाउचमध्ये भरतो. चार महिने टिकावेत म्हणून नायट्रोजनचा सिलिंडर घेतला. पाउच टम्म फुगतात, महिन्याभराने पाहिले तरी तसेच. पण सहाव्या आठवड्यात फोडलं की अक्रोडाला खवट वास येतो. प्रेशर वाढवूनही फरक नाही. गॅसच खराब येतोय का?

सीलपट्टी:
पॅकिंग लाइनवर अठरा वर्षं काढली आहेत, म्हणून अगदी कळकळीने सांगतो: टम्म पाउचवर भरवसा ठेवू नका. नायट्रोजन स्वतः काही टिकवत नाही, तो फक्त ऑक्सिजनला हुसकावतो. आत ऑक्सिजन किती उरला, ते मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. ऑक्सिजन मीटर मिळवा, भाड्याने का होईना. सुई टोचून वाचायचं. सुक्यामेव्याला २ टक्क्यांच्या आत हवा, १ च्या आसपास आला तर उत्तम.

आता फिल्म. साधं पॉलिथिन ओल अडवतं, ऑक्सिजन अडवत नाही. बाहेर हवेत २१ टक्के, आत एक-दोन, म्हणजे तो रोज थोडाथोडा आत झिरपणारच. नायट्रोजन मात्र त्यातून बराच सावकाश बाहेर पडतो. म्हणून पाउच फुगलेला राहतो आणि आत अक्रोड बिघडत असतो. चंदेरी मेटलाइज्ड फिल्म घ्या, किंवा ईव्हीओएचचा (ऑक्सिजन अडवणारं एक प्लास्टिक) थर असलेली.

प्रेशर वाढवलंत ते लगेच कमी करा. जोराचा झोत बाजूची हवा आपल्यासोबत आत ओढतो. झोत मंद ठेवा, वेळ वाढवा. दाण्यांच्या फटीत अडकलेली हवा सावकाशच निघते.

आणि सील! एका कारखान्यात आम्ही तीन आठवडे गॅसलाच दोष देत बसलो होतो. शेवटी सीलची पट्टी भिंगाखाली धरली. मधे मिठाचा एक कण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फिल्म न चिकटल्यामुळे केसाएवढी पन्हळ. तुमचाही माल मीठ लावलेला आहे, तेव्हा सील होणारी जागा कोरडी आणि स्वच्छ आहे ना, बघा. पाउच बादलीत पाण्याखाली दाबून धरा. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की जागा सापडली. गॅस फूड ग्रेड असेल तर त्याच्यावर सगळ्यात शेवटी संशय घ्या. आणि गरम माल भरू नका.

थंडगार:
एक विनंती. सिलिंडर बंद खोलीत असेल तर आधी खिडकी उघडा. नायट्रोजनला वास नाही, आणि त्यात जीव गुदमरल्यासारखंही वाटत नाही. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, इथे तो उच्छ्वासातून जातच राहतो. माणूस थेट कोसळतो, आणि त्याला उचलायला धावणाराही. १९.५ टक्क्यांखाली वाजणारा ऑक्सिजन अलार्म भिंतीवर लावाच. लिक्विड नायट्रोजन वापरत असाल तर जास्तच जपा, १ लिटरचा जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो.

हिरवीपाती:
चिरलेली पालेभाजी अशीच नायट्रोजनमध्ये भरली तर?

सीलपट्टी:
नाही, कृपा करून तसं करू नका. भाजी चिरल्यावरही श्वास घेत असते. ऑक्सिजन पूर्ण काढला तर ती आंबते. तिला साधारण ३ ते ५ टक्के ठेवतात, आणि फिल्मही श्वास घेऊ देणारी. ओल्या मालात दुसरा धोका बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंचा. त्यांना ऑक्सिजन नसलेली जागाच मानवते. मासे, मांस, शिजवलेलं अन्न यांना गॅससोबत कडक थंडावा लागतोच. थंडाव्याच्या जागी गॅस चालत नाही. ताज्या लाल मांसाला तर उलट ७०-८० टक्के ऑक्सिजन देतात, रंग लाल राहावा म्हणून. बाकीचा कार्बन डायऑक्साइड, तो जंतूंची वाढ रोखतो. मालागणिक गॅस वेगळा.

भट्टीवरून:
मीटर आणला. ९ टक्के! झोत मंद करून वेळ दुप्पट केला तर ३ वर आला. बादलीत दहापैकी चार पाउचना उजव्या कोपऱ्यात बुडबुडे. चारही वेळा तोच कोपरा.

सीलपट्टी:
छान, म्हणजे मीठ नाही, मशीन आहे. मिठाचा कण दर वेळी त्याच कोपऱ्यात बसणार नाही. जॉच्या (पाउच दाबून सील करणाऱ्या गरम पट्टीच्या) उजव्या टोकाला ताप कमी पोचतोय किंवा टेफ्लॉनची पट्टी झिजली आहे. आधी पट्टी बदला, मग पुन्हा दहा पाउच बुडवा. गळती थांबल्यावरच ३ वरून खाली यायच्या मागे लागा. आणि तयार पडलेला जुना माल बाहेर पाठवू नका.