अमेरिकेच्या मुली फिगर स्केटिंगमध्ये मागे का पडल्या?

कराडची आई: लेक रोलर स्केटिंग करते, म्हणून घरात बर्फावरचंही बघतो. १९९८ ला तारा लिपिन्स्की सुवर्ण, मिशेल क्वान रौप्य. २००२ ला सारा ह्यूज सुवर्ण, २००६ ला साशा कोहेन रौप्य. पुढे २०२२ पर्यंतच्या चार ऑलिंपिकांत एकेरीत एकही पदक नाही! एवढे रिंक, एवढा पैसा असून?

कृष्णाकाठ: मोठं कारण गुणपद्धती. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या पंचांच्या घोटाळ्यानंतर पंचांनी सहापैकी गुण देण्याची जुनी ६.० ची पद्धत गेली. आता प्रत्येक उडीचे गुण ठरलेले, आणि गिरकी पाव फेरीहून जास्त अपुरी राहिली की कपात. अमेरिकन मुली तिथंच गुण घालवत राहिल्या. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला कांस्य आणलं, पण कुस्तीतलं पुढचं पदक २००८ ला. मातीतला पैलवान मॅटवर अडखळतो, तसंच हे.

वाईकर: शिवाय समोरचे वाढले, ते धरा ना. २०१० ला जपानच्या माओ असादानं तीन ट्रिपल ॲक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची अवघड उडी) मारल्या, तरी सुवर्ण कोरियाच्या किम युनाचं. नंतर रशियाच्या मुली चार फेऱ्यांच्या उड्या घेऊन आल्या.

कराडची आई: पटलं. पण मला मुलींचं थकणंही महत्त्वाचं वाटतं. अलिसा लिउनं २०२२ ला सोळाव्या वर्षी खेळ सोडला, २०२४ ला स्वतःच्या मर्जीनं परतली आणि २०२५ ला बॉस्टनमध्ये जगज्जेती झाली. २००६ नंतरची पहिली अमेरिकन. लेकीच्या सरांना हे सांगणार आहे.