थ्री बॉडी प्रॉब्लेम, भाग ८: एकच दोर सुटला, मग उरलेले सगळे बॉम्ब वाया कसे गेले? (स्पॉयलर आहेत)

पाचवा_प्रहर

नेटफ्लिक्सच्या मालिकेतला पहिल्या सीझनचा (२०२४) शेवटचा भाग बघितला नसेल तर इथूनच मागे फिरा.

परग्रहवासीयांच्या ताफ्याकडे पाठवलेल्या यानात विल या पात्राचा गोठवलेला मेंदू, समोर शीड, वाटेत मांडून ठेवलेले ३०० अणुबॉम्ब. एकेक फुटतो, वेग वाढत जातो, मग शिडाचा एक दोर सुटतो आणि खेळ खलास. तीन गोष्टी पटत नाहीत.

१. अंतराळात हवाच नाही, मग स्फोटाचा धक्का बसतो कशाने?
२. भाग ६ आणि ७ मध्ये वजनावरून एवढा खल होतो. काही किलोंनी खरंच इतका फरक पडतो?
३. दोर सुटल्यावर यान पुन्हा मार्गावर का आणता येत नाही?

हिशेबी_माणूस

आधी वजनाचं घेतो. यानाला गाठायचाय प्रकाशवेगाचा १ टक्का, म्हणजे सेकंदाला ३,००० किमी. या वेगाने जाणाऱ्या १ किलो वस्तूची गतिज ऊर्जा साधारण ४.५ लाख कोटी ज्यूल भरते, म्हणजे जवळजवळ १ किलोटन टीएनटी. दर किलोमागे एक किलोटन! तुम्ही म्हणाल बॉम्ब तर मेगाटनांचे आहेत. पण ती ऊर्जा चहूकडे फेकली जाते आणि शिडाच्या वाट्याला फार थोडी येते. स्फोट दुप्पट लांब झाला की तो वाटा चौथाईवर येतो. माणूस, त्याची हवा, पाणी, खाणं, तापमान राखायची यंत्रणा असं सगळं चढवायचं म्हटलं तर हिशेब कुठेच बसत नाही. मेंदूच तेवढा पाठवायची कल्पना भयंकर आहे, पण आकडेमोडीत चूक नाही.

धक्क्याचं म्हणाल तर निर्वातात हवेची लाट नसतेच. बॉम्बची बरीचशी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते, उरलेली बॉम्बच्याच वितळून वायू झालेल्या पदार्थाबरोबर. शिडाला ढकलायचं ते या दोघांनी.

मालिकेने झाकून नेलेली गोष्ट आहे हिसका. ३०० बॉम्बांत ३,००० किमी, म्हणजे एका बॉम्बला सेकंदाला १० किमी वेगवाढ. ती १ मिलिसेकंदात मिळाली तर त्वरण दहा लाख जी (१ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). मेंदू गोठलेला असो नाहीतर दगडाचा, त्याचा भुगा होणार. मेंदूवर १० जीच यावा असं वाटत असेल तर शीड पुढे पळू द्यायचं आणि दोर रिळावरून हळूहळू ताण देत सोडायचा. त्यासाठी दोर लागतो ५०० किमी आणि वेळ १०० सेकंद. नंतर पुढच्या बॉम्बआधी तो सगळा पुन्हा गुंडाळायचा. ही कल्पना मालिकेने हवेतून काढलेली नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जॉनडेल सोलेम यांनी १९९० च्या दशकात 'मेडुसा' नावाने जवळजवळ हीच रचना मांडली होती: पुढे शीड, मागे यान, मधे स्फोट. फक्त त्यांचे बॉम्ब यानातच होते.

नरतुरंग

वरच्या शेवटच्या वाक्यातच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बॉम्ब यानात असले तर यान जिथे जाईल तिथे बॉम्ब जातात. अणुस्फोटांनी यान ढकलायच्या, १९५८ ते १९६५ चाललेल्या अमेरिकेच्या ओरायन प्रकल्पातही तसंच होतं. मालिकेत मात्र बॉम्ब वाटेवर आधीच ठेवलेले. वजन वाचतं, पण वाट एकदा सुटली की सुटलीच.

दोर सुटला की ओढीची रेषा यानाच्या गुरुत्वमध्यातून जात नाही, शीड कलंडतं आणि पुढचा ढकला तिरका बसतो. समजा तोवर वेग सेकंदाला १०० किमी झालाय आणि दिशा फक्त १ अंशाने चुकली. सावरायला आडवा वेग हवा सेकंदाला पावणेदोन किमी, आणि त्यासाठी इंधन नाही, कारण वजन! पुढचा बॉम्ब नुसता दहा हजार किमीवर धरला तरी तो पावणेदोनशे किमी बाजूला राहतो. त्याच्या पुढचा आणखी लांब.

मुळात ही रांग लावणं हेच दिव्य आहे. दोर गुंडाळण्यासकट दोन बॉम्बांमध्ये १,००० सेकंद धरा. पहिल्या दोघांत अंतर १०,००० किमी, शेवटच्या दोघांत जवळजवळ ३० लाख किमी, आणि अख्खी रांग सुमारे ४५ कोटी किमी, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या तिप्पट. तिथे काहीही स्थिर राहत नाही. पृथ्वीच्या अंतरावरची वस्तू सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने फिरते, चौपट अंतरावरची १५ ने. म्हणजे ३०० बॉम्ब एका रेषेत येणार ते ठरलेल्या वेळी, तेही क्षणभर. शिवाय ज्याच्या दिशेने यान जायचंय तो 'मित्र' नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी) ग्रहांच्या पातळीपासून ४० अंशांहून जास्त दक्षिणेला आहे, त्यामुळे रांग त्या पातळीबाहेर न्यावी लागते. त्याचं इंधन वेगळंच. (मे अखेरीला रात्री साडेदहा-अकराला पुण्यातून दक्षिण क्षितिजावर जेमतेम १० अंश वर दिसतो. टेकडी आड येणार नाही अशी जागा शोधा.)

पाचवा_प्रहर

बॉम्ब नेमक्या क्षणी फोडणं जास्त अवघड नाही का? वेग सेकंदाला ३,००० किमी असेल तर १ मिलिसेकंद उशीर म्हणजे ३ किमी.

नरतुरंग

नाही, ते त्यातल्या त्यात सोपं. यान कितीही पळालं तरी प्रकाश त्याच्या शंभरपट वेगाने येतो. यान ३,००० किमीवर असताना त्याचा संकेत निघाला तर बॉम्बला जवळजवळ पूर्ण १ सेकंद मिळतो. इलेक्ट्रॉनिक्सला मायक्रोसेकंद पुरतात.

क्षकिरण

सगळे दोराच्या मागे लागलेत, शीड सुटतंय त्यातून. दोन अडचणी राहिल्या.

बॉम्बचा उडालेला पदार्थ ढोबळमानाने सेकंदाला हजारभर किमीने जातो. इथे बॉम्ब जागच्या जागी आहेत आणि यान पुढे पळतंय. यानाचा वेग त्याहून वाढला की तो पदार्थ शिडाला गाठतच नाही. ओरायनला ही अडचण नव्हती, त्याचे बॉम्ब यानाच्याच वेगाने जाणार होते. म्हणजे शेवटच्या दोन-तृतीयांश बॉम्बांच्या वेळी ढकलायला उरतात फक्त क्ष-किरण.

आणि क्ष-किरण शिडावरून आरशासारखे परतत नाहीत, शोषले जातात. नुसत्या शोषणाने सेकंदाला १० किमी वेग मिळवायचा तर प्रकाशवेग गुणिले वेगवाढ, म्हणजे दर किलोमागे ३ लाख कोटी ज्यूल पोटात घ्यावे लागतात. मोठं शीड, लहान शीड, जवळ, लांब, कशानेही हा आकडा बदलत नाही. १ किलो कार्बनची वाफ करायला साधारण ६ कोटी ज्यूल पुरतात. पन्नास हजारपट!

त्यावर वाट एकच: शिडावर बळी द्यायचा थर लावायचा. तो उकळून मागे उडतो आणि उलट ढकलतो. ओरायन यानाच्या मागे धक्का झेलायला जी पट्टी होती तिच्यावर तेल फवारायचा विचार होता तो पट्टी झिजू नये म्हणून, इथे तोच थर ढकलायचं कामही करेल. पण तो दर स्फोटाला थोडा संपतो, ३०० स्फोटांना पुरेल एवढा घेतला तर पुन्हा वजन. दोराचं एक वेळ सोडून देऊ, मालिकेतल्या ऑगीचे अतिबारीक पण अतिमजबूत नॅनोतंतू मालिकेने आधीच गृहीत धरायला लावलेत. शीड वितळत का नाही, यावर मात्र आठ भागांत कुणी चकार शब्द काढत नाही.